सेमिस्टर डोक्यावर, स्वेटर सुईवर : वाचकांची प्रश्नोत्तरे

विद्यापीठाचं वेळापत्रक लागलं की विणकाम करणाऱ्या विद्यार्थ्यांचे, आणि त्यांच्याहून काळजीत असलेल्या पालकांचे प्रश्न येऊ लागतात. त्यांतले सहा इथे घेतले आहेत.

प्रश्न : मी टी.वाय.बी.एस्सी.ला आहे. पेपर वीस दिवसांवर आलेत. भावासाठी स्वेटर विणतेय, पाठीचा भाग काखेपर्यंत झाला आहे. रात्री ‘एवढी एकच ओळ’ म्हणता म्हणता एक वाजतो. स्वेटर उरकून मोकळी होऊ की बाजूला ठेवू? (नौपाडा, ठाणे)

बाजूला ठेवा. आधी हिशेब पाहा. मोठ्या माणसाच्या स्वेटरची पाठ १०० टाक्यांची धरली, तर काखेपर्यंत साधारण ११ हजार टाके झाले असतील. उरलेली पाठ, पुढचा भाग, दोन बाह्या आणि गळा मिळून अजून चाळीस हजार तरी आहेत. मिनिटाला २५ टाके या चांगल्या वेगानेही हे २७ तासांचं काम आहे, म्हणजे वीस दिवस रोज ८० मिनिटं. त्यात उसवणं आणि शिवणं धरलेलंच नाही. शिवाय ठाण्यात स्वेटर लागतो तो जानेवारीतले चार दिवस, त्यामुळे भावाचं काही अडणार नाही.

‘एकच ओळ’ फसवते, कारण १०० टाक्यांची ओळ चार मिनिटांत होते. चार मिनिटं कुणालाही परवडतात. पण मोठ्या कामात प्रत्येक ओळ पुढच्या ओळीसारखीच असते, मग थांबायचं कुठे? म्हणून परीक्षेच्या दिवसांत काय विणायचं हे ‘किती सोपं’ यापेक्षा ‘कुठे थांबता येतं’ यावर ठरवावं.

काम ठेवून द्यायचीही पद्धत आहे. ओळ पूर्ण करूनच थांबा. अर्ध्या ओळीत ठेवलं तर सुईच्या टोकाजवळचे टाके ताणले जातात आणि पिशवीत घरंगळतात. काखेचे टाके घटवायला सुरुवात करण्याआधीची उलटी ओळ संपली, ही तुमच्यासाठी उत्तम जागा. आता बोथट टोकाच्या सुईत वेगळ्या रंगाचा गुळगुळीत सुती दोरा, सुमारे ७५ सेंटिमीटर, ओवा आणि तो सगळ्या टाक्यांतून काढा. मग विणायची सुई ओढून घ्या आणि दोऱ्याची टोकं सैलसर बांधा. केसाळ लोकर या कामाला घेऊ नका, तिचे तंतू टाक्यांत अडकतात. सुई काढायची ती अशासाठी की महिनाभर सुईवर राहिलेल्या ओळीचे टाके ताणून बसतात आणि धुतल्यावरही तिथे आडवी रेघ दिसते. दुसरा फायदा म्हणजे सुई मोकळी होते. गुंड्याचा दोरा कापू नका.

सोबत एक चिठ्ठी हवीच : सुई किती मिलिमीटरची, सध्या टाके किती, बॉर्डरनंतर ओळी किती झाल्या, पुढच्या ओळीत काय करायचं आहे आणि लोकरीच्या कागदावरचा डाय लॉट नंबर (कोणत्या खेपेत रंगवली, तो क्रमांक). पेपर संपेपर्यंत यातलं काहीही आठवणार नाही.

परत सुरू करताना हात बदललेला असतो, बहुधा सैलावलेला. म्हणून थेट स्वेटरवर जाऊ नका. त्याच लोकरीचा ३० टाक्यांचा तुकडा दहा-बारा ओळी विणा आणि टाके मोजा. सैल येत असेल तर पाव किंवा अर्धा मिलिमीटर बारीक सुई घ्या. थोडा फरक राहिलाच, तर काखेपाशी घट सुरू होत असल्यामुळे तो नजरेत येत नाही.

प्रश्न : अभ्यासाच्या मधल्या पंधरा मिनिटांत विणायला काय घ्यावं? एप्रिलच्या उकाड्यात लोकर हाताला चिकटते आणि नमुना लक्षात ठेवायचं डोकं उरलेलं नसतं. (कोपरखैरणे)

कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत विणायचा सुती चौकोन घ्या. यात ओळी मोजाव्या लागत नाहीत. सुईवर टाके किती आहेत, त्यावरूनच तुम्ही कुठे आहात ते कळतं.

मध्यम जाडीचा सुती दोरा आणि ४ मिलिमीटरच्या सुया घ्या. ४ टाके घालून एक ओळ सुलट विणा. मग प्रत्येक ओळ अशी : २ सुलट, दोरा पुढे घेऊन सुईवरून एक वेढा (जाळीचा टाका), बाकीचे सगळे सुलट. दर ओळीला एक टाका वाढतो. ४४ झाले की उतरायला लागा : १ सुलट, २ एकत्र, एक वेढा, पुन्हा २ एकत्र, बाकीचे सुलट. दर ओळीला एक कमी. ४ उरले की बंद करा. कर्ण साधारण २२ सेंटिमीटर भरतो, बाजू १५-१६. एका चौकोनाला २० ग्रॅमच्या आसपास दोरा लागतो. सगळे मिळून दोन हजारांच्या आत टाके आहेत. शिकाऊ हाताने, मिनिटाला २० टाक्यांनी, हे दीड तासाचं काम, म्हणजे पंधरा मिनिटांच्या सहा-सात सुट्ट्या.

चुका दोनच होतात. वाढवताना वेढा विसरला, की टाके तेवढेच राहतात आणि काठाचं एक भोक गायब होतं. उसवू नका, पुढच्या ओळीपासून नेहमीसारखं चालू द्या. उतरताना दुसरं ‘२ एकत्र’ विसरलं, की संख्या घटत नाही. पुढच्या ओळीत काठाच्या जाळीनंतर ‘२ एकत्र’ दोनदा करा, हिशेब जुळतो.

ॲक्रिलिक घाम शोषत नाही. त्यामुळे ओल्या बोटांवर ते अडकत सरकतं, ॲल्युमिनियमच्या सुयांवर तर जास्तच. सुती दोरा आणि बांबूच्या सुया ही जोडी उकाड्यात बरी. हातांना टाल्कम पावडर लावू नका, गडद दोऱ्यावर पांढरे डाग दिसतात. हात धुऊन कोरडे करा, एवढं पुरतं. आणि हा चौकोन पुढे गरम पातेल्याखाली ठेवायचा असेल तर सुतीच हवा. ॲक्रिलिक उष्णतेने मऊ पडतं आणि वितळतं.

प्रश्न : ठाण्याहून वाशीला कॉलेजला जाते. ट्रान्स-हार्बर लोकलच्या अर्ध्या तासात रेकॉर्ड केलेली लेक्चर्स ऐकत विणलं तर चालेल का, की दोन्ही वाया जातं? (कळवा)

हाताला पाठ झालेली वीण असेल तर चालतं. सगळ्या ओळी सुलट, किंवा बिनवाढीचा मफलर. नजर सुईवर ठेवावी लागते किंवा मनात ‘तीन सुलट, दोन एकत्र’ असं मोजावं लागतं, तेव्हा लेक्चरमधली वाक्यं निसटतात, कारण मोजणं आणि भाषा समजून घेणं दोन्हीला एकच लक्ष लागतं. विषयही पाहा. इतिहास, मानसशास्त्र, कायदा, मार्केटिंग अशी कथनाची लेक्चर्स ऐकता येतात. सिद्धता, अकाउंट्सची गणितं, सर्किट यांना कागद-पेन लागतं, तिथे सुई नको.

नुसतं ऐकण्यापेक्षा एक पायरी पुढे जा. लेक्चर थांबवा, आणि ओळ संपवून काम पालटताना एक मुद्दा न बघता आठवा. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर प्रयोग केले होते. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा न बघता आठवून काढणाऱ्यांच्या जास्त लक्षात राहिलं होतं. ४० टाक्यांच्या ओळीला दोन मिनिटं धरा, अर्ध्या तासात पंधरा प्रश्न होतात.

चौथ्या सीटवर बसून ३५ सेंटिमीटरच्या सरळ सुया चालवू नका, शेजारणीची बरगडी तुमच्या कोपराच्या टप्प्यात येते. ६० सेंटिमीटरची केबलवाली गोल सुई घ्या. तिच्यावरही पालटून सपाट विणता येतं आणि धक्का बसला तरी सुई पायाखाली जात नाही. उभ्याने विणू नका. पेपरच्या दिवशी मात्र सुया घरीच ठेवा. परीक्षा केंद्रात बॅग बाहेर राहते, आणि त्या सकाळी दारावर सुयांचा खुलासा करत बसायची काय गरज?

प्रश्न : परीक्षा जवळ आली की माझं विणकाम घट्ट येतं. व्हिडिओत सांगितलेलीच ८ नंबरची सुई वापरते, तरी माप लहान येतं. (घणसोली)

इथे दोन कारणं एकत्र आलेली असू शकतात.

पहिलं, नंबर. आपल्याकडच्या पाकिटावरचा ८ नंबर बहुधा जुन्या ब्रिटिश मापाचा असतो, म्हणजे ४ मिलिमीटर. अमेरिकन व्हिडिओतला ८ म्हणजे ५ मिलिमीटर. नंबर सोडा, मिलिमीटर पाहा.

दुसरं, हात. चिंतेत खांदे वर चढतात, मूठ आवळते आणि दोरा बोटांवरून कमी सुटतो. परिणाम वाटतो त्याहून मोठा असतो. १० सेंटिमीटरला २० टाके या मापाने १८० टाक्यांचा घेर ९० सेंटिमीटर होतो. घट्ट हाताने २२ टाके बसले तर तोच घेर ८२ च्याही आत येतो. ‘सैल विणायचं’ असं ठरवून उपयोग नाही, दोन ओळींत विसरायला होतं. सुई अर्धा मिलिमीटर जाड घ्या आणि १५ सेंटिमीटरच्या तुकड्याच्या मधोमध मोजा, काठाजवळ नको. टाके सुईच्या निमुळत्या टोकावर बनत असतील तर ते बारीकच होणार. प्रत्येक टाका सुईच्या पूर्ण जाडीवर जाऊ द्या.

अंगावर बसायला हवी अशी वस्तू या महिन्यात काढूच नका, हे सगळ्यांत सोपं.

प्रश्न : दिवसभर उत्तरं लिहून सराव करतो, रात्री विणतो. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलंय. पेपर दहा दिवसांवर. (ऐरोली, इंजिनीअरिंग)

विणणं आजपासून बंद, पेपर संपेपर्यंत. लिहिण्याला पर्याय नाही, विणण्याला आहे.

अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखतं आणि अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे झुकवल्यावर कळ येते, तेव्हा बहुधा अंगठ्याच्या स्नायुबंधांभोवतीचं आवरण सुजलेलं असतं. झुकवून पाहायचं ते हलक्या हाताने, एकदाच. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येत असतील, रात्री जास्त, तर मनगटातली नस दाबली जात असावी. मुंग्या, बधिरपणा किंवा पेन सुटणं यातलं काहीही असेल तर अस्थिरोगतज्ज्ञाला किंवा फिजिओथेरपिस्टला लगेच दाखवा, पेपर संपायची वाट पाहू नका. लिहिताना जाड पकडीचं पेन घ्या आणि दर अर्ध्या तासाला दोन मिनिटं हात सोडा.

पुढे पुन्हा विणाल तेव्हा सलग वीस मिनिटांच्या वर नको. सरळ सुयांवर पूर्ण कामाचं वजन मनगटं पेलतात, गोल सुईवर ते मांडीवर उतरतं. आणि वर आम्ही सुती दोऱ्याचं कौतुक केलं, ते तुमच्यासाठी नाही. सूत ताणलं जात नाही, त्यामुळे प्रत्येक टाक्याला बोटं जास्त जोर लावतात. दुखऱ्या हाताला लवचीक लोकर बरी.

प्रश्न : मुलगी एस.वाय.ला आहे. अभ्यास सोडून विणत बसते. सुया-लोकर कपाटात कुलूपबंद करू का? (नेरूळ)

काकू, कुलूप लावलंत तर सुयांची जागा मोबाइल घेईल, आणि त्याला ओळीचा शेवटही नसतो.

२०१३ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ ऑक्युपेशनल थेरपी’त एक पाहणी छापून आली. ३,५४५ विणणाऱ्यांनी उत्तरं दिली होती. जे वारंवार विणत, त्यांनी शांत वाटतं असं जास्त सांगितलं. पण उत्तरं देणारे सगळे हौसेने विणणारेच होते, तेव्हा याला औषध समजू नये. मुलीचा मुद्दा म्हणून ठीक, पुरावा म्हणून अपुरा.

तुम्ही पाहायचं ते हे : विणून उठल्यावर ती पुस्तकाकडे वळते का? वळत असेल तर ती विश्रांती आहे. पुस्तक उघडायची वेळ आली की दरवेळी सुया हातात येत असतील, तर ती टाळाटाळ आहे. अशा वेळी ‘विणू नकोस’ म्हणण्यापेक्षा ‘कुठला विषय अडलाय?’ हे विचारा. बऱ्याचदा एखादी एटीकेटी किंवा अपुरं जर्नल निघतं. वेळ घड्याळाने नव्हे, दोऱ्याने बांधता येतो. रोज १० ग्रॅमचा छोटा गुंडा वेगळा काढायचा, तो संपला की त्या दिवसाचं विणणं संपलं. हा गुंडा तिला स्वतःला करू द्या.

झोप उडाली आहे, जेवण तुटलं आहे, रडू थांबत नाही किंवा जगण्याबद्दल निराशेचं बोलणं कानावर येतं, तर हा विणकामाचा प्रश्नच नाही. टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनवर १४४१६ ला फोन करा. चोवीस तास, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. मुलीने स्वतः केला तरी चालतो, तुम्ही तिच्याबद्दल विचारायला केलात तरी चालतो.