डिचोलीच्या माळ्यावरची बुटकी 'खुर्ची' बसण्यासाठी नाही

ताई, डिचोलीच्या तुमच्या घराच्या माळ्यावरची ही बुटकी 'खुर्ची' नेमकी काय, असं तुम्ही विचारलंत. फोटो मोठे करून पाहिले. तुम्ही दिलेली मापं अशी: फळी जमिनीपासून १० इंचांवर, पाठ ३५ इंच उंच, पाठीच्या माथ्यावर ५ इंच रुंद सपाट पट्टी, तिला बिजागरी आणि आत चिंचोळा कप्पा. ही बसायची वस्तूच नव्हे. फळीवर गुडघे टेकायचे, कोपरं वरच्या पट्टीवर ठेवायची आणि प्रार्थना करायची, त्यासाठी ती केलेली आहे. पोर्तुगीजमध्ये तिला जेनुफ्लेक्सोरियु म्हणतात. जुन्या वस्तूंचे व्यापारी प्री-द्यू या फ्रेंच नावाने विकतात. कप्पा प्रार्थनेचं पुस्तक आणि जपमाळ ठेवण्यासाठी.

तुमच्या प्रश्नाखाली इथे कुणी लहान मुलाची खुर्ची म्हटलं, कुणी बाळंतिणीची. मुलाच्या खुर्चीला एवढी उंच पाठ कोण देईल? बाळंतिणीची बुटकी खुर्ची असते खरी, पण तिची पाठ मागे कललेली असते, कारण टेकून बसायचं असतं. तुमची पाठ ओळंब्यात सरळ आहे. पोथी वाचायचं मेज हा तर्क त्यातल्या त्यात बरा, पण मग खालची फळी कशाला? खात्री करायची तर त्यावर गुडघे टेकून बघा. फळी ते पट्टी अंतर २५ इंच आहे. मध्यम उंचीच्या माणसाची कोपरं बरोबर तिथे येतात.

नक्षीपेक्षा मी झिजेवर जास्त भरवसा ठेवतो. नक्षी नंतरही कोरता येते, झीज सहसा खोटं बोलत नाही. वापरातल्या खुर्चीची बैठक पुढच्या कडेला झिजते, आणि पाय ठेवून ठेवून पुढची आडवी दांडी घासते. तुमच्या तिसऱ्या फोटोत फळीच्या मध्यावर शेजारी शेजारी दोन उथळ खळगे दिसतात, कडा मात्र धारदार. वरच्या पट्टीचं पॉलिशही दोन टोकांना उडालंय, मधे शाबूत आहे. गुडघे आणि कोपरं. बरीच वर्षं कुणीतरी रोज संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायला इथे टेकत असणार.

आता पाठीवर कोरलेला, तुम्ही म्हणता तो 'ज्वाळा निघणारा कलश'. तो कलश नाही, हृदय आहे. ज्वाळांचं हृदय गोव्यात दोन तऱ्हांनी भेटतं. बाण आरपार गेलेला असेल तर ती ऑगस्टिनियन या कॅथलिक संन्याशांच्या पंथाची खूण. जुन्या गोव्यात त्या उंच मनोऱ्याचे अवशेष उभे आहेत ना, ते त्यांच्याच चर्चचे, आणि समोरचा सांता मोनिका हा त्या पंथाच्या जोगिणींचा (नन्सचा) मठ. काट्यांचं कडं आणि माथ्यावर छोटा क्रूस असेल तर ते येशूचं पवित्र हृदय. तुमच्या फोटोत काट्यांचं कडं स्पष्ट आहे. या हृदयाचा सण सगळ्या कॅथलिक चर्चसाठी १८५६ मध्ये लागू झाला आणि त्यानंतर ही भक्ती घराघरांत पसरली. भक्ती आधीही होतीच, म्हणून एवढ्यावरून साल ठरत नाही, पण माझा अंदाज एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाकडे झुकतो.

त्यामुळे व्यापाऱ्याने तुम्हाला सांगितलेलं 'पोर्तुगीज काळातली, ३०० वर्षं जुनी' हे सोडून द्या. गोव्यात पोर्तुगीज काळ १५१० पासून १९६१ पर्यंत धरतात. साडेचारशे वर्षांच्या पिशवीत काहीही मावतं.

वय जरा जवळून बघायचं असेल तर बिजागरीचा एक स्क्रू हळूच काढा. टोक बोथट, आटे वाकडेतिकडे आणि माथ्यावरची खाच मध्यापासून सरकलेली असेल तर तो हाताने केलेला, जुना. टोकदार, एकसारखे स्क्रू १८४०-५० नंतरचे. बिजागरी मागाहून बदललेली असू शकते, तेव्हा तिच्याखाली आधीची भोकं बुजवलीत का तेही पाहा. फळीच्या खालच्या बाजूला करवतीच्या खुणा कमानीसारख्या असतील तर लाकूड गोल करवतीच्या गिरणीतून आलंय, सरळ आणि विस्कळीत असतील तर हातकरवतीचं.

लाकूड शिसवी आहे असं तुम्ही लिहिलंय. मला तसं वाटत नाही. शिसव आतून जांभळट-काळं असतं, काळ्या रेघांचं, आणि उचलताना वजन जाणवतं. तुमच्याकडे फळीची खालची बाजू पिवळसर तपकिरी आहे, म्हणजे फणस किंवा साग, वरून काळं पॉलिश. त्याने किंमत उतरेल, वस्तू नाही. आपल्याकडची कितीतरी जुनी घरं फणसाच्या लाकडावर उभी आहेत.

ख्रिस्ती वस्तूवर कमळाच्या पाकळ्या कशा, हा तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला. कोरणारा हात बहुधा हिंदू च्याऱ्याचा, म्हणजे गोव्यातल्या सुताराचा, किंवा त्याच कसबात वाढलेल्याचा. १५६७ च्या गोव्यातल्या धर्मपरिषदेने हिंदू कारागिरांकडून क्रूस-मूर्ती करून घ्यायला मनाई केली होती. मनाई करावी लागली, यातच सगळं आलं. सांता मोनिकामधल्या ख्रिस्ती कला संग्रहालयात जाऊन कोरीवकाम निवांत बघा, ओळखीचं बरंच काही सापडेल.

तुमच्या हिंदू घरात ती आली कशी, हे घरातली म्हातारी माणसंच सांगतील. मुंबई, आफ्रिका, लिस्बन गाठताना कुटुंबांनी सामान शेजाऱ्यांना दिलं, विकलं, सांभाळायला ठेवलं. खालच्या बाजूला आद्याक्षरं कोरलेली आहेत का बघाच.

पॉलिशवाल्याला मात्र हात लावू देऊ नका. तो आधी घासणार, आणि ते दोन खळगे सपाट करून 'नवीन केली' म्हणून दाखवणार. कोरड्या फडक्याने पुसा, थोडं मेण चोळा, बस्स. बारीक भोकांखाली ताजा, फिकट भुगा पडत असेल तर कीड अजून जिवंत आहे, आधी तिचा बंदोबस्त. कुणीतरी काजूच्या टरफलाचं तेल सुचवलंय. ते वाशांना आणि होड्यांना ठीक, इथे नको. लाकूड काळं पडेल आणि हाताची कातडीही सोलून निघेल.

मुलगी लंडनला न्यायचं म्हणते, त्याबद्दल: १९७२ च्या कायद्याप्रमाणे १०० वर्षांवरची ऐतिहासिक वस्तू पुरातन धरली जाते आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे दाखवायची. पुरातन नाही असा दाखला मिळाला तरच पुढचं बोलणं. माझा अंदाज बरोबर असेल तर मिळणार नाही.

स्क्रू काढलात की टोकाचा फोटो टाका, आणि फळीचा खालून उजेडात काढलेला एक.