दावोसला बिऱ्हाड हलवण्याआधी नोव्हेंबरात चार दिवस राहून या

"ताई, आम्ही सात वर्षं झ्युरिकजवळ राहतो, बी परमिटवर, म्हणजे मुदतीच्या निवास परवान्यावर. मला दावोसला नोकरी मिळतेय. नवऱ्याला आठवड्यातून दोनच दिवस झ्युरिकला ऑफिसात जावं लागतं. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच. डोंगर, बर्फ, मोकळी हवा सगळं हवंय, पण तिथली भाडी पाहून पोटात गोळा येतो. जावं का?"

जा, असंच मी म्हणेन. तुमची नोकरीच तिथे आहे, त्यामुळे डोंगर फक्त शनिवार-रविवारचा राहणार नाही. मुलं शाळा सुटली की बर्फात असतील. त्यासाठी चार पैसे जास्त मोजावेत. मात्र तुम्ही दावोस पाहिलं असेल ते जुलैत किंवा नाताळात. नोव्हेंबरात जाऊन बघा. बरीच हॉटेलं बंद, पाहुणे नाहीत, दिवस लहान. तेव्हाही मुलांना आणि तुम्हाला करमलं, तर घर शोधायला लागा. घर पाहायला भर दुपारी जा आणि ऊन कुठवर येतं ते बघा. क्षयरोग्यांना उन्हात झोपवण्यासाठी या गावाने सज्जे बांधले, ते उगाच नाही.

आता भाड्याचं. २०१२ मध्ये स्वित्झर्लंडने सार्वमताने ठरवलं की ज्या गावात सुट्टीची घरं २० टक्क्यांहून जास्त, तिथे नवीन सुट्टीची घरं बांधायची नाहीत. हेतू चांगला होता. पण त्याआधी बांधलेली घरं सुट्टीसाठीही वापरता येतात, म्हणून त्यांनाच भाव आला. जुनी भाड्याची इमारत रिकामी करायची, नव्याने सजवायची आणि बाहेरच्यांना विकायची, हे डोंगरातल्या गावांत घडतंय. त्यामुळे भाड्याच्या आकड्यापेक्षा मला तुमच्या कराराची मुदत जास्त महत्त्वाची वाटते. ठरावीक मुदतीचा करार मुदत संपली की आपोआप संपतो, मग मुलगी वर्गात रुळली असली तरी घर सोडावं लागतं. बेमुदत करारच मागा, आणि तो मिळत असेल तर थोडं भाडं जास्त गेलं तरी चालेल. जानेवारीत जागतिक आर्थिक मंचाची परिषद भरते, त्या आठवड्यात घर मोकळं करून देण्याची अट घातलेली नाही ना, तेही नीट वाचा. अनामत तीन महिन्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, आणि ती तुमच्याच नावाच्या बँक खात्यात राहते.

मी तुमच्या जागी असते तर दावोसच्या आधी खालचं प्रेटिगाउ खोरं पाहिलं असतं: क्लोस्टर्स, क्युब्लिस, शिअर्स. उतरत जाल तशी भाडी साधारणपणे कमी होतात. क्युब्लिसहून लाल मीटरगेज गाडी पाऊण तासाच्या आसपास दावोसला पोचवते. दावोस ते झ्युरिक एका बाजूचे जवळजवळ अडीच तास, म्हणजे नवऱ्याचे आठवड्याला दहा तास गाडीत. चौघांच्या घरात हा खर्च भाड्याएवढाच खरा आहे, आणि खालच्या गावात राहिलात तर तो बराच कमी होतो.

मुलीची शाळा जर्मनच राहील, पण दावोसच्या ग्राउब्युंडेन कॅन्टनमधल्या (म्हणजे राज्यातल्या) जर्मन शाळांत पहिली परकी भाषा साधारणपणे इटालियन असते, तिसरीपासून. इंग्रजी पाचवीत येते. आत्तापासून तिच्याशी त्याबद्दल बोला.

विकत घेण्याचा विचार दोन हिवाळे तरी नको. बँक २० टक्के स्वतःचे पैसे मागते, त्यातले निम्मे पेन्शन फंडाबाहेरचे, आणि प्रत्यक्ष व्याज कमी असलं तरी कर्ज तुम्हाला परवडेल का याचा हिशेब साधारण ५ टक्के व्याज धरून करते. सगळी पुंजी एका फ्लॅटमध्ये अडकली आणि नोकरी गेली, तर परमिट आणि घर दोन्हींची चिंता एकदमच उभी राहील.

आणि कराराच्याही आधीचं एक काम: बी परमिटवर कॅन्टन बदलायचा तर तुमच्यासारख्या भारतीय नागरिकांना नव्या कॅन्टनची परवानगी आधी घ्यावी लागते. तो अर्ज आधी द्या, झ्युरिकच्या घराची नोटीस त्यानंतर.