गव्हाच्या काडापासून प्रोटीन, ड्रममध्ये जमेल का?

प्रश्न: नमस्कार सर, आमच्याकडे गव्हाचं काड भरपूर पडतं, बरेच जण पेटवूनच देतात. मोबाईलवर व्हिडिओ बघितला की काडात यीस्ट टाकून आंबवलं की प्रोटीन पावडर होते, पेंडीचा खर्च वाचतो. दोनशे लिटरच्या ड्रममध्ये होईल का हो?
– एक वाचक, जि. अहिल्यानगर

उत्तर: व्हिडिओवाला खोटं नाही बोलला, अर्धं बोलला. वाळलेल्या यीस्टमध्ये साधारण 45-50 टक्के प्रोटीन असतं हे खरंय. पण यीस्टला खायला साखर लागते, आणि काडातली साखर सेल्युलोजमध्ये (काडाच्या चिवट तंतूत) अडकलेली, त्यावर लिग्निन या कडक पदार्थाचं कवच, तिथं यीस्टची डाळ शिजत नाही. म्हणजे आधी काड अल्कलीत नाहीतर वाफेवर मऊ करा, एन्झाइम घालून साखर सुटी करा, मग निर्जंतुक टाकीत सतत हवा सोडत यीस्ट वाढवा (हवा कमी पडली की ती दारू करत बसते), शेवटी गाळून वाळवा. पैसा सगळा एन्झाइम आणि विजेत जातो. फिनलंडमध्ये 1970 च्या दशकात पेकिलो नावाच्या पद्धतीने बुरशीपासून पशुखाद्य केलं, पण तिथं कागदाच्या लगद्याच्या कारखान्यातल्या सांडपाण्यात साखर आयती विरघळलेली मिळायची. तुमच्या ड्रममध्ये मात्र कुठली बुरशी वाढेल याचा नेम नाही, अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) झालं तर ते दुधात पण उतरतं. नकोच ते.

आणि खरं सांगू का, तुम्हाला हवाय तो फर्मेंटर (आंबवायची टाकी) गोठ्यात बांधलेलाच आहे! गाईच्या कोटीपोटातले जंतू सेल्युलोज फोडतात, नायट्रोजन मिळालं की त्यातून स्वतःचं प्रोटीन बनवतात आणि पुढे गाय तेच जंतू पचवते. म्हणून काडाला युरिया प्रक्रिया करा. 100 किलो कोरड्या काडाला 4 किलो युरिया, 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडा, दाबा, ताडपत्रीखाली 21 दिवस हवाबंद ठेवा. काढल्यावर उग्र वास उडेपर्यंत पसरून ठेवायचं, मग थोडं थोडं करत सवय लावायची. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना अजिबात देऊ नका, आणि युरियाचं पाणी उघडं ठेवू नका, जनावर प्यायलं तर दगावतं. पेंड पूर्ण बंद होणार नाही, दुभत्या गाईला लागणारच, किती कमी करायची ते तुमच्या पशुवैद्यकांना दूध सांगून ठरवा.

घरच्या ताटासाठी प्रोटीन हवं असेल तर याच काडावर (युरिया न लावलेल्या) धिंगरी अळिंबी घ्या, लिग्निन फोडायचं काम ती स्वतःच करते.