शाळेत गणित आणि कला एकत्र शिकवून खरंच काही साधतं का, की तो नुसता मुलांना रमवण्याचा प्रकार?

साधतं, पण एका अटीवर. कलेचं काम करताना मुलाचं कुठंतरी अडलं पाहिजे आणि ती अडचण गणितानंच सुटली पाहिजे. पाढ्यांना चाल लावली की पाढे पाठ होतात, तो फायदा आहेच. पण त्यात ना गाणं कळतं ना गुणाकार.

मी गणित शिकवते. माझा सर्वांत आवडता तास नक्षीचा. मुलांना पुठ्ठ्याचे सुसम, म्हणजे सगळ्या बाजू आणि कोन सारखे असलेले, पंचकोन कापायला लावते आणि मध्ये फट न ठेवता कागद भरायला सांगते. आदल्या दिवशी षटकोन सहज बसलेले असतात, त्यामुळे हेही बसणार अशी सगळ्यांची खात्री. तीन पंचकोन एका बिंदूपाशी जुळतात आणि एक चिंचोळी फट उरते. आपलं कापणं चुकलं म्हणून मुलं पुन्हा कापतात. पुन्हा तीच फट! मग कुणीतरी कोनमापक काढतं. प्रत्येक कोन १०८ अंश, तिन्ही मिळून ३२४, बिंदूभोवती लागतात ३६०. उरलेले ३६ अंश म्हणजेच ती फट. हात चुकला नव्हता, हे त्यांचं त्यांना कळतं.

लगेच मी एक वेडावाकडा चौकोन देते. हा तर मुळीच बसणार नाही असं वाटतं, आणि तो बसतो. कुठलाही चौकोन घ्या, चारही कोनांची बेरीज ३६०च. प्रत अर्धा फेरा फिरवून बाजूला बाजू लावत गेलं की चार वेगवेगळे कोन एका बिंदूशी येतात. मग बाजूंना सारखे बाक देऊन त्याच चौकोनाचा मासा किंवा पक्षी करता येतो. डच चित्रकार एशर यांनी १९३६ साली स्पेनमधल्या अल्हम्ब्रा राजवाड्यातल्या नक्ष्या उतरवून घेतल्या होत्या; त्यांची चित्रं मी इथं दाखवते, आधी नाही. आधी दाखवली की मुलं नक्कल करतात.

संगीत-कवितेकडून यायचं असेल तर लघु-गुरू, म्हणजे छंदातली आखूड आणि लांब अक्षरं, घ्या. लघु एक मात्रा, गुरू दोन. चार मात्रा किती प्रकारे भरता येतील ते टाळ्या वाजवून शोधायचं: पाच. पाच मात्रांना आठ, सहांना तेरा. शेवट लघु असेल तर आधी एक मात्रा कमी, गुरू असेल तर दोन कमी; म्हणून मागच्या दोन संख्यांची बेरीज. ही संख्यांची मालिका इटालियन गणिती फिबोनाचीच्या नावानं ओळखली जाते. त्याचं पुस्तक १२०२चं, पण छंदांचा विचार करताना जैन पंडित हेमचंद्रांनी ही मांडणी त्याआधीच केली होती.

सुवर्ण गुणोत्तराबाबत, म्हणजे सुंदर मानल्या जाणाऱ्या साधारण १.६१८ : १ या प्रमाणाबाबत, मात्र जपून. प्रत्येक शिंपल्यात, प्रत्येक प्राचीन इमारतीत ते आहे असं सांगू नका. मुलांच्या हातात पट्टी द्या, मोजू द्या. बऱ्याचदा ते सापडत नाही.

तुम्ही पंचकोनापासून सुरुवात करा. सलग दोन तासिका मागून घ्या, कापण्यातच एक जाते.