हीटिंग बंद कोणत्या तारखेला?

प्रश्न : ताई, आम्ही इंग्लंडात लेस्टरला जुन्या टेरेस घरात, म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेल्या रांगेतल्या घरात राहतो. मार्चअखेर उन्हाळी वेळेसाठी घड्याळं तासभर पुढे गेली, की ह्यांना हीटिंग बंद करायची घाई होते. बिलाचा धसका मलाही आहेच. पण यंदा एप्रिलमध्ये सासू-सासरे सोलापूरहून येताहेत, आणि सासूबाईंना दमा आहे. नेमकी कोणती तारीख धरू?

उत्तर : तारीख धरूच नका. इंग्लंडात एप्रिलच्या दुपारी छान ऊन पडतं, पण पहाटे पारा तीन-चार अंशांवर उतरतो. मे महिन्यातही एखाद्या रात्री दंव पडतं. त्याच दिवसांत सोलापूर चाळिशीला टेकलेलं असतं. तिथून निघालेल्या माणसाला तुमचं 'ऊबदार' घरही गारच लागणार.

तुमच्या ह्यांना एक गोष्ट शांतपणे समजावून सांगा. हीटिंग चालू ठेवली म्हणजे गॅस सतत जळतो असं नाही. थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान बघून हीटिंग चालू-बंद करणारं बटण, १८ वर आहे आणि उन्हानं खोली १९ वर आहे, तर बॉयलर पेटतच नाही. म्हणजे हीटिंग बंद करून पैसे वाचतात ते फक्त गार दिवसांत, आणि नेमकी तेव्हाच सासूबाईंना ऊब हवी असते. रोजचा स्टँडिंग चार्ज, म्हणजे जोडणीचा ठरावीक आकार, तर गॅस वापरा किंवा वापरू नका, भरायचाच आहे.

६५ वर्षांवरच्यांसाठी आणि आजारी माणसांसाठी घर किमान १८ अंशांवर ठेवा, असं एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, सांगते. माझ्या मते पाहुणे नवीन असेपर्यंत बसायची खोली २०-२१ वर असू द्या. थर्मोस्टॅट बहुतेक घरांत पॅसेजमध्ये असतो, तो त्यांच्या खोलीतली थंडी ओळखत नाही. म्हणून तिथे एक साधा थर्मामीटर ठेवा. सासूबाई आपणहून काही बोलणार नाहीत, 'राहू दे गं, शाल आहे की' म्हणतील. तेव्हा त्यांना विचारत बसू नका, आकडा बघा.

काटकसर दुसरीकडे करता येते. तुमचा बॉयलर कॉम्बी असेल, म्हणजे गरम पाण्याची वेगळी टाकी नसेल, तर रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचं तापमान ५५ च्या आसपास आणा. कंडेन्सिंग बॉयलर, म्हणजे बाहेर जाणाऱ्या वाफेतली उष्णताही वापरणारा बॉयलर, तेव्हा कमी गॅसमध्ये जास्त ऊब देतो. रेडिएटर हाताला नेहमीपेक्षा कमी गरम लागेल, खोली सावकाश तापेल. वसंतात तेवढं पुरतं. टाकी असेल तर मात्र तंत्रज्ञाला विचारल्याशिवाय हे करू नका. टाकीतलं पाणी ६० अंशांवर ठेवावं लागतं, नाहीतर त्यात जंतू वाढू शकतात.

आणि ओल! दम्याच्या माणसाच्या घरात मला बिलापेक्षा तिचीच काळजी जास्त वाटते. गार भिंत, कुकरची वाफ, घरातच वाळत घातलेले कपडे, एवढ्यावर कपाटामागे काळी बुरशी धरते. स्वयंपाक करताना एक्झॉस्ट लावा, दुपारी ऊन असताना दहा मिनिटं खिडक्या उघडा, आणि कपडे त्यांच्या खोलीत तर अजिबात नकोत.

रात्रभर बॉयलर न पेटता सकाळी सातला त्यांच्या खोलीत १८ च्या वर आकडा दिसला, आणि असं सलग आठवडाभर झालं, की खुशाल बंद करा. बहुधा मेच्या मध्यावर, कदाचित त्याहून उशिरा. कॉम्बीचं गरम पाणी त्यानंतरही येत राहील. बंद करताना रेडिएटरचे व्हॉल्व्ह पूर्ण उघडून ठेवा, म्हणजे उन्हाळाभर आतली पिन अडकत नाही.