सकाळी वॉर्बलरचा (वटवट्या, किडे खाणारा चिमुकला पक्षी) आवाज येतो, पण पक्षी दिसत नाही. नेमकं कुठे बघावं?

झाडाच्या ज्या बाजूवर पहिलं ऊन पडतं, तिथल्या वरच्या आणि बाहेरच्या पानांकडे आधी बघा, आणि तेही दुर्बीण न लावता. ऊन लागलं की तिथले बारीक किडे हालचाल करू लागतात, आणि पर्णवटवट्यांचं (झाडांच्या पानांत वावरणारे, फायलोस्कोपस वंशातले वॉर्बलर) खाणं तेच. ते एका जागी क्षणभरही थांबत नाहीत, त्यामुळे दुर्बिणीने फांद्या चाळत बसलात तर हाती काही लागत नाही. वाऱ्याशिवाय एखादंच पान हललं की नजर तिथेच ठेवून दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणा. ८x४२ची (८ पट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) बरी, १० पटीची असेल तर दृष्टिक्षेत्र सहसा लहान होतं आणि पक्षी निसटतो. वल्गुली (टिट), चष्मेवाला (व्हाइट-आय) अशा छोट्या पक्ष्यांचा मिश्र थवा दिसला तर सोडू नका, वॉर्बलर बऱ्याचदा त्यातच असतात.

दिसल्यावर एवढंच टिपा:
- भुवईची रेघ
- पंखावर पट्टी आहे की नाही
- पायांचा रंग

बाकी भरवसा आवाजावर. चिफचाफ आणि विलो वॉर्बलर हे दोन पर्णवटवटे इतके सारखे दिसतात, की १८व्या शतकात इंग्लंडमधले निसर्ग अभ्यासक गिल्बर्ट व्हाइट यांनी ते गाण्यावरूनच वेगळे ओळखले.

मात्र हे झाडावरच्या जातींपुरतं. ब्लिथचा बोरू वटवट्या झुडपात खालीच राहतो आणि ‘चक्, चक्’ करतो. तिथे उन्हामागे न फिरता झुडपासमोर गप्प उभं राहावं लागतं. रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून त्याला बाहेर काढू नका, विशेषतः विणीच्या काळात.