परदेशात राहायला गेल्यावर संगीतकाराचं संगीत बदलतं का?

तुम्ही इथल्या मराठी नाटकांना चाली देता, आता लिस्बनला कायमचे निघाला आहात आणि तिकडे गेल्यावर आपल्या चालींतलं आपलेपण पुसलं जाईल का, असं विचारलं आहे. मी गोव्यात फोंडा तालुक्यात पेटी शिकवतो, जत्रेतल्या नाटकांना साथ करतो. माझं मत असं की नव्या देशाचे सूर चालीत शिरतात की नाही, हा प्रश्न नंतरचा. आधी बदलतात वाजवणारे, ऐकणारे आणि पोटापाण्याचं काम. संगीत त्यांच्या मागून बदलतं.

याचं सगळ्यात जवळचं उदाहरण आपल्याच घरात आहे. १९६१ पर्यंत गोंयकाराला मुंबई म्हणजे परका मुलूखच. इथे पोर्तुगीज राज्य होतं. चर्चच्या शाळांत व्हायोलिन आणि स्वरलिपी शिकलेली मुलं तिथे गेली आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात शिरली. संगीतकार पेटीवर चाल सांगायचा, हे लोक ती कागदावर उतरवून प्रत्येक वाद्याचा भाग लिहायचे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. गोव्यात राहिले असते तर रागदारीशी त्यांचा एवढा संबंध आला असता का? मुंबईत शेजारी सतार आणि सारंगीवाले बसत, म्हणून १९५८ मध्ये त्यांनी रागांवर आधारलेल्या रचना पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी उभ्या केल्या. हातातली विद्या गोव्याचीच होती, तिला काम वेगळं मिळालं.

मंगेशीचे जितेंद्र अभिषेकीही याच काळात बाहेर पडले. वडील देवळात कीर्तन करणारे. पुढे अभिषेकीबुवा वेगवेगळ्या घराण्यांच्या गुरूंकडे शिकले आणि १९६४ च्या ‘मत्स्यगंधा’पासून त्यांनी नाट्यसंगीताला नवं वळण दिलं. शब्दाला धरून चाल बांधायची त्यांची जाण मला कीर्तनातूनच आलेली वाटते. हे माझं ऐकणं आहे, कुणी वेगळं म्हणेल.

आता ड्वोरझाक. हा चेक संगीतकार १८९२ मध्ये न्यूयॉर्कच्या संगीत विद्यालयाचा प्रमुख म्हणून गेला. तिथे हॅरी बर्ली हा कृष्णवर्णीय विद्यार्थी त्याला आपल्या लोकांची भक्तिगीतं गाऊन दाखवायचा. १८९३ च्या ‘न्यू वर्ल्ड’ सिंफनीत त्यातलं एकही गाणं त्याने जसंच्या तसं उचललं नाही. तिच्या संथ भागाची प्रसिद्ध धून पेटीवर काढून बघा: ग प प, ग रे सा, रे ग प ग रे. भूप रागाचे स्वर! ही धून अमेरिकेची की त्याच्या मायदेशाची, बोहेमियाची, यावर जाणकार अजून भांडतात, आणि मला ते भांडण फार बोलकं वाटतं. परक्या गाण्यात त्याला आपल्या गावाजवळचं काहीतरी ऐकू आलं असणार. त्याच उन्हाळ्यात तो सुट्टीला कुठे गेला? आयोवातल्या स्पिलव्हिल नावाच्या चेक वस्तीत. तिथे आपली भाषा कानावर पडताच त्याने दोन-अडीच आठवड्यांत चार तंतुवाद्यांसाठीची एक रचना (चतुष्टय) लिहून काढली.

पियानोचा पोलिश संगीतकार शोपँ विसाव्या वर्षी पोलंडमधून निघाला तो परत गेलाच नाही. पण पॅरिसमध्ये बसून मरेपर्यंत माझुर्का, म्हणजे पोलंडच्या लोकनाचावर बेतलेल्या पियानोच्या रचना, लिहित राहिला. गावचा नाच त्याच्या हातात शांत बसून ऐकायचा प्रकार झाला.

उलट बाजूही सांगायला हवी. रशियन संगीतकार आणि पियानोवादक रखमानिनोवने १९१७ च्या क्रांतीनंतर रशिया सोडला आणि १९४३ मध्ये मरेपर्यंत रचनाक्रमांक दिलेल्या त्याच्या फक्त ६ कृती आल्या. देश सुटला तशी रचनेची इच्छाही गेली, असं तो म्हणे. पण घर चालवायला पियानोचे दौरे करावे लागत होते, हेही विसरू नका. तुमच्या बाबतीत मला खरी भीती याचीच वाटते. नोकरीतून चालींसाठी वेळ उरेल, अशी सोय आधी बघा.

जाण्याआधी पाश्चात्त्य स्वरलिपी पक्की करा, कारण तिथल्या वादकांना नुसतं गाऊन सांगून चालणार नाही. गणेश चवथीत गावच्या घुमट आरत्या (घुमट या मातीच्या चर्मवाद्यावर म्हणतात त्या) ध्वनिमुद्रित करून न्या, शामेळाचे ढोल आणि कासाळ्यांच्या झांजांसकट, सगळी कडवी. आणि तिकडे पोचल्यावर चाली बांधायची घाई नको. पहिलं वर्ष तिथल्या वादकांसोबत बसून वाजवा.